पांढऱ्या टिकलीखाली

१

टिकली मीच काढली. नखाने, हळूच, सगळ्यांसमोर. आणि खाली नाझींचं चिन्ह निघालं.

निघायला हवा होता करकोचा.

एल्मरोडेच्या अग्निशमन दलाचा हॉल. बंब बाहेर अंगणात काढून ठेवलेले, आत आमचा बिल्ल्यांचा बाजार. रविवार सकाळ, कॉफीचा वास, उकडलेल्या सॉसेजच्या पातेल्याची वाफ, आणि टेबलामागे पोट सुटलेले पुरुष. आम्ही जमवतो ते युद्धाआधीच्या पोरांच्या शिबिरांचे बिल्ले. शिबिर संपलं की प्रत्येकाला छातीवर लावायला एक पातळ पत्र्याचा बिल्ला मिळायचा. आधी नाना तऱ्हेच्या संघटना होत्या, एकोणीसशे तेहतीसला नाझी सत्तेवर आल्यावर बाकीच्यांचा गळा आवळून उरली ती त्यांची हिटलर युथ.

नाझी चिन्ह उघड्यावर मांडलं तर पोलीस दारात येतात. म्हणून बाजारात जो तो त्यावर एक पांढरी गोल टिकली चिकटवतो. आणि दुसऱ्याच्या बिल्ल्यावरची टिकली आपण काढायची नाही, हा क्लबचा नियम. बघायचंच असेल तर मालकाला विचारायचं, तो बाजूला नेऊन दाखवतो.

ज्या बिल्ल्यावरून हे सगळं झालं तो राइझिगबाईंचा. माझ्या वरच्या मजल्यावर राहतात, सत्तरीच्या, एकट्या. त्यांचा थोरला भाऊ लोरेन्झ. 'राखाडी करकोचे' नावाच्या टोळीत होता. बंदी आल्यावर बाकीची पोरं गुमान घरी बसली, ह्यांनी चौतीसच्या वसंतात गावाबाहेरच्या तळ्याकाठी तंबू ठोकले. वर स्वतःचा बिल्लाही पाडून घेतला. कडेने लाटा, खाली साल, मधे करकोचा. सगळे पकडले गेले.

आता गाव तळ्याकाठी त्या पोरांच्या नावांची कांस्याची पाटी लावणार होतं. कोर्टाच्या कागदात आठ नावं सापडली. लोरेन्झला घरून वेगळं नेलं होतं, त्याचा कागद बॉम्बहल्ल्यात जळाला. राहिला एक फोटो, त्यात त्याच्या छातीवर बिल्ला, मधला भाग धुरकट. आमच्या क्लबचे अध्यक्ष डॉक्टर लुन्झे, म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर, त्यांनी या बिल्ल्यांवर जाडजूड पुस्तक लिहिलंय. त्यांनी नगरपालिकेला लिहून दिलं : हा हिटलर युथच्या शिबिराचा बिल्ला आहे. माझ्या संग्रहात असलाच आहे.

झालं. लोरेन्झ यादीतून बाद. वर गावात कुजबुज, की राइझिगांचा मुलगा कसला बंडखोर, तो तर त्यांच्यातलाच.

नगरपालिकेच्या हार्टुंगबाई मात्र म्हणाल्या होत्या, "बिल्ला प्रत्यक्ष दाखवा. करकोचा दिसला तर नाव घालते. पण सोमवारी पाटी ओतायला जातेय."

म्हणून मी त्यांना बाजारात बोलावलं. आणि त्यांच्या नाकासमोर टिकली काढली.

"राइझिगबाई," डॉक्टर लुन्झे समोरच्या टेबलावरून उठून आले, "मला खरंच वाईट वाटतंय. पण माझ्या पुस्तकात हेच छापलंय."

मागून कोणीतरी ओरडलं, "आजीबाईंचा करकोचा उडाला!"

हॉलभर हसू. हार्टुंगबाईंनी पर्स उचलली.

राइझिगबाईंनी बिल्ला हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि काचेच्या झाकणाच्या डबीत परत टाकला.

"हा माझा नाही," त्या म्हणाल्या.

२

कोणालाही पटलं नाही. मला पटलं, कारण सकाळी मी तो करकोचा या डोळ्यांनी पाहिला होता.

सकाळी बाईंनी रुमालातून बिल्ला काढला आणि खाण्याचा सोडा लावून घासायला बसल्या. टिकली बिकली काही नाही. उघडा, चांदीच्या चमच्यासारखा चकचकीत. समोरून डॉक्टर केवढ्याने ओरडले!

"अहो, घासताय काय! खून करताय त्याचा! माझ्याकडे चारशे बिल्ले आहेत, एकालाही आजवर कापड लावलेलं नाही!"

"तुमचे चारशे असतील," बाई म्हणाल्या, "माझा एकच आहे. तो दरवर्षी आंघोळ करतो."

फोटो काढायला त्यांनी कधी कोणाला दिलाच नव्हता. मी दोनदा विचारलं होतं. म्हणाल्या, "एकदा फोटोत आला तर माझा भाऊ नाझी झाला. पुरे."

मग हार्टुंगबाई आल्या, बसल्या, शेजारच्या टेबलावरचे बिल्ले बघू लागल्या. मी केक आणायला गेलो. राइझिगबाई बाथरूमला गेल्या. परत आलो तर डबीतल्या बिल्ल्यावर पांढरी टिकली. मला काही वाटलं नाही. डॉक्टर बाजाराचे प्रमुख, जिथे चौतीस साल दिसेल तिथे ते टिकली मारत फिरतात. कायद्याला फार भितात.

म्हणजे मधल्या वेळात कोणीतरी बिल्ला बदलला होता.

मी जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिलो. "कोणी बाहेर जायचं नाही!"

"टिलो, डोकं फिरलंय का तुझं?"

"अरे माझी गाडी आहे हानोफरची!"

"चोरी झाली असेल तर पोलिसांना बोलव," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

"बोलावतो की."

"नको नको!" तिसऱ्या टेबलावरचा एक जण घाईने म्हणाला. "पोलीस आले की पहिल्यांदा आपल्या टिकल्या उचकटतील. तुमचं तुम्ही बघा बाबांनो."

आमचं टेबल कोपऱ्यात, शेवटचं. त्या बाजूला कोणाचं कामच नव्हतं. शेजारी बिल्ले विकणारा केसिंग, समोर डॉक्टर, आणि खुर्चीत हार्टुंगबाई. बस्स. आणि केक घेताना माझं तोंड आमच्याच कोपऱ्याकडे होतं. गर्दीत टेबल दिसत नव्हतं, पण त्या कोपऱ्यातून कोणी बाहेर आलं नव्हतं.

तिघांतला एक. आणि एकाने महिन्यापूर्वी बाईंच्या घरी जाऊन बिल्ल्याला पाचशे मार्क देऊ केले होते.

मी केसिंगच्या समोर जाऊन उभा राहिलो.

३

"मी?" केसिंगचा चेहरा बीटसारखा झाला. "माझ्याकडून पहिला बिल्ला घेतलास तेव्हा तुला मिसरूड नव्हतं फुटलं, पोरा. आणि आज मला चोर म्हणतोस?"

"तुम्हाला तो हवा होता."

"हवा होताच! म्हणून तर मागितला, पैसे दाखवून. ह्यांनी मला जिन्यावरून खाली काढलं."

"चपला घालायला वेळ दिला होता," राइझिगबाई म्हणाल्या.

केसिंगने कोट उलटा करून झटकला. खिशातून सुट्टे पैसे, खोकल्याच्या गोळ्या, टिकल्यांचा रोल. टेबलावरचे डबे एकेक करून पालथे केले. सगळे बिल्ले ओळखीचे, सगळ्यांचे भाव लिहिलेले. तो बिल्ला नव्हता.

"आता माफी माग."

"नंतर मागतो."

"बघा हो, ह्याचे संस्कार."

हार्टुंगबाईंनी विचारायच्या आधीच पर्स टेबलावर ओतली. किल्ल्या, लिपस्टिक, अर्धा खाल्लेला पाव. "मला कशाला हवाय तो? माझी पाटी तयारच आहे. आठ नावं, सुंदर बसलीत. कलाकाराने केवढी मेहनत घेतलीय."

"म्हणजे नववं नाव आलं नाही तर तुम्हाला बरंच," मी बोलून गेलो.

त्यांनी पालथी पर्स सुलटी केली. मग म्हणाल्या, "हो. बरंच. पण म्हणून मी रविवारी सकाळी घर सोडून इथे आले नसते."

हे खोटं वाटलं नाही.

डॉक्टरांनी जाकीट काढून माझ्या हातात दिलं, नोकराला देतात तसं. चष्म्याची केस, कंगवा, पेपरमिंट. पँटचे खिसे बाहेर ओढून दाखवले. "झालं समाधान? टिलो, तुला पहिलं पुस्तक मी दिलं होतं. फुकट. ते वाचलं असतंस तर आज ह्या म्हाताऱ्या बाईची अशी शोभा झाली नसती."

मी टेबलाखाली वाकून बघितलं, खुर्च्या उलट्या केल्या, खिडकीची कडी पाहिली. बिल्ला कोपऱ्याच्या बाहेर गेला नव्हता. आणि कोपऱ्यात कुठेच नव्हता.

हार्टुंगबाई पर्स भरायला लागल्या. "मी निघते. सॉरी. माझ्यासमोर जे आहे त्याच्यावर मला ठरवावं लागेल."

"थांबा," राइझिगबाई म्हणाल्या. त्यांनी डबीतला तो परका बिल्ला बोटांत धरून खिडकीकडे केला होता. "टिलो, इकडे ये. हा मधेच कसा लखलखतोय?"

४

खरंच. मधे टिकलीएवढं वर्तुळ नव्यासारखं चमकत होतं, त्यातच ते चिन्ह. कडेच्या लाटा मात्र काळपट, मातकट.

"मी घासते तेव्हा सगळा घासते," बाई म्हणाल्या. "मधला पैशाएवढा घासून बाकीचा सोडत नाही. आणि आज सकाळीच घासलाय. मग हे काळं कुठून आलं?"

हार्टुंगबाई परत बसल्या. पर्स मांडीवर.

केसिंग रागावलेला होता, पण त्याला राहवेना. वाकून बघितलं. "ही टिकली आजची नाही. वर्षानुवर्षं चिकटलेली होती. खालच्या भागाला हवाच लागली नाही, म्हणून तो उजळ राहिला."

"तुमच्या बिल्ल्यांना असं होतं?"

"माझ्या? मी सकाळी लावतो, संध्याकाळी काढतो. घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाला सगळं उघडं बघायचं असतं. हे बघ." त्याने स्वतःच्या डब्यातला एक उचलला, पाठ करून टिकली काढली आणि ओंजळीत धरून दाखवला. सगळीकडे सारखाच काळपट.

"मग वर्षानुवर्षं टिकली कोण ठेवतं?"

"जो एकदा लावतो आणि मग खाली काय आहे ते परत बघतच नाही तो." केसिंग म्हणाला. त्याची नजर समोर गेली.

माझीही गेली.

डॉक्टरांचे ट्रे. हिरव्या मखमलीचे, प्रत्येक बिल्ल्याला नेमका खळगा, वर काच. पुस्तकासाठी फोटो काढले तेव्हा सगळ्यांना टिकल्या लावल्या, त्या तशाच आहेत, हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. 'माझ्या पुस्तकात एकही चिन्ह उघडं नाही' म्हणून.

मी रस्ता ओलांडावा तसा त्यांच्या टेबलाशी गेलो.

"डॉक्टर, फोटोतला बिल्ला ओळखला तो तुमच्याकडच्या बिल्ल्यावरून ना?"

"अर्थात."

"आज आणलाय?"

"हार्टुंगबाईंना दाखवायलाच आणलाय. दुसऱ्या ट्रेमध्ये आहे, जिथे नेहमी असतो तिथे." त्यांनी बोट दाखवलं. "कडेला लाटा, खाली चौतीस साल, मधे टिकली. झालं?"

खळगा रिकामा नव्हता. बिल्ला होता. कडेच्या लाटा चांदीच्या चमच्यासारख्या चमकत होत्या.

५

  ह्या माणसाने मला हे सगळं शिकवलं होतं.

"डॉक्टर, चारशे बिल्ले आणि एकालाही कापड नाही, असं सकाळी म्हणालात."

"मग?"

"मग हा कोणी घासला?"

 एका माणसाचा सॉसेज तोंडाशीच राहिला.

"प्रकाश पडलाय काचेवर," डॉक्टर म्हणाले.

"तर मग काच काढा. टिकलीही काढा. खाली नाझी चिन्ह निघालं तर बाईंचा बिल्ला तोच, तुमचा हा, दोन सारखे बिल्ले, विषय संपला. मी सगळ्यांची माफी मागतो."

"माझी आधी," केसिंग म्हणाला.

"ह्या हॉलमध्ये दुसऱ्याच्या सांगण्यावरून टिकल्या निघत नाहीत." डॉक्टरांनी ट्रेवर पंजा ठेवला.  "तो नियम आहे. मी केलाय. आणि तू हात लावलास ना टिलो, तर तू क्लबच्या बाहेर. आजपासून. कुठल्याच बाजारात तुला टेबल मिळणार नाही, हे मी बघीन."

ते तसं करू शकतात. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सगळे क्लबवाले त्यांच्या ओळखीचे. मी काचेच्या चौकटीला हात घातला.

"टिलो, बाजूला हो." राइझिगबाई माझ्या कोपराला धरून पुढे आल्या. "मी काही ह्यांच्या क्लबात नाही. मला कुठून काढणार?"

त्यांनी डॉक्टरांचा पंजा उचलला आणि बाजूला ठेवला, जेवताना मधे आलेली वाटी सरकवावी तसा. काच काढली. अंगठ्याच्या नखाने टिकली खरवडली. ती लगेच सुटली, आजचीच होती.

करकोचा. मान उंच, पंख पसरलेले, नखशिखांत चकचकीत.

"हा माझा," बाई म्हणाल्या.

कोणी हसलं नाही.

डॉक्टर खुर्चीत बसले.  मग खालच्या आवाजात म्हणाले, "दुसरा प्रकार आहे हे मला माहीतच नव्हतं. देवाशपथ. सकाळी चमकताना दिसला तेव्हा कळलं. साचा एकच. पोरांना पकडल्यावर हिटलर युथने त्याच तळ्यावर उन्हाळ्यात शिबिर घेतलं. साचा जप्त केला असणार. मधला करकोचा तासला आणि आपलं चिन्ह बसवलं. लाटा तशाच ठेवल्या."

"पोरांचं तळं घेतलं, बिल्लाही घेतला," केसिंग पुटपुटला. "डुकरं."

"मग हे सकाळीच का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "पुस्तकात एक ओळ वाढली असती."

"एक ओळ?" डॉक्टरांनी मान वर केली. "मी सही करून दिलं होतं, की तो मुलगा नाझी. एका धुरकट फोटोवरून. सगळीकडचे लोक माझं पुस्तक उघडून बिल्ले ओळखतात. उद्या म्हणाले असते, ह्याने टिकलीखाली काय आहे तेही पाहिलं नाही." ते राइझिगबाईंकडे वळले. "टिकली लावायच्या निमित्ताने डबीतला बदलून घेतला. पण मी परत देणार होतो तुम्हाला. खरंच."

"कधी?"

डॉक्टरांनी काच उचलून ट्रेवर परत बसवली.

"कधी देणार होतात, डॉक्टर?"

"पाटी ओतून झाल्यावर."

राइझिगबाईंनी मान हलवली, भाजीचा भाव ऐकून हलवावी तशी. बिल्ला कोटाच्या कॉलरला टोचला आणि हार्टुंगबाईंकडे वळल्या.

"आता बोला."

६

हार्टुंगबाई अवघडल्या. "मला पटलंय. शंकाच नाही. पण बघा ना, पाटीचा साचा उद्या जायचाय. आठ नावांची मांडणी झालीय, चार चारच्या दोन ओळी. नववं कुठे घालू? जागाच नाही." मग त्यांचा चेहरा उजळला. "असं करूया का? खाली बारीक अक्षरात 'आणि त्यांचे सोबती'. त्यात लोरेन्झ आलेच."

"त्याचं नाव सोबती नव्हतं."

"नाही, पण अर्थ..."

"त्याचं नाव लोरेन्झ फ्रीडोलिन राइझिग. आमच्या आईने ठेवलं होतं. फ्रीडोलिन त्याला आवडायचं नाही, पण घाला."

"राइझिगबाई, समजून घ्या. जागा नाही."

"मग पाटी मोठी करा."

केसिंगच्या तोंडून फस्सकन हसू निघालं. हार्टुंगबाईंना हसू नाही आलं. "असं होत नाही हो. समितीने आकार मंजूर केलाय. ओतारी सोमवारी सकाळी सहालाच काम सुरू करतो. त्याला आत्ता सांगायचं म्हणजे घरी फोन करावा लागेल. आज रविवार आहे. माणूस जेवायला बसला असेल!"

आमच्याकडे रविवारी दुपारी कोणी कोणाला फोन करत नाही. कोणी मेलं तरी कॉफीच्या वेळेपर्यंत थांबतात. हॉलमधले दोघं-तिघं हार्टुंगबाईंच्या बाजूने माना डोलवायलाही लागले.

राइझिगबाईंनी एक खुर्ची ओढली. भिंतीवरच्या फोनखाली ठेवली आणि तिच्यावर बसल्या. पाय जुळवून, हात मांडीवर.

"रविवारच होता," त्या म्हणाल्या. "आम्ही जेवायला बसलो होतो. मी आठ वर्षांची. जिन्यात बूट वाजले तसा लोरेन्झने छातीवरचा बिल्ला काढला आणि माझ्या ताटातल्या बटाट्याच्या लगद्यात दाबला. वर चमच्याने सारखं केलं. मला म्हणाला, खात रहा. ते आत आले, घर उलथंपालथं केलं. मी खात राहिले. बिल्ल्याच्या भोवती भोवती. त्यातला एक जण माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाला, गुणी पोर आहे. आमच्या जेवणाची कोणी वाट पाहिली नव्हती, हार्टुंगबाई."

हॉलमध्ये सॉसेजचं पातेलं तेवढं खदखदत होतं.

"सुटून आला तेव्हा त्याला नीट चालता येत नव्हतं. तरी पुढे फौजेत नेला, रशियात मेला. आई गेली ती देशद्रोह्याची आई म्हणून गावाचे टोमणे ऐकत गेली. मी काही मागायला आलेले नाही. मी इथे बसलेय."

"किती वेळ बसणार?" हार्टुंगबाईंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"मला घरी कोणी वाट बघणारं नाही."

मी जाऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. काय करणार दुसरं. केसिंग मला म्हणाला, "माफी राहिलीय हं," आणि स्वतःची खुर्ची उचलून बाईंच्या दुसऱ्या बाजूला आणून ठेवली. मग हानोफरची गाडी पकडणारा आला. त्याने टोपी काढली. डॉक्टर मात्र आपल्या टेबलामागेच बसून राहिले, त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही.

हार्टुंगबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. एकदा आमच्याकडे. मग पुढे आल्या, बाईंच्या डोक्यावरून हात लांबवून रिसीव्हर उचलला आणि नंबर फिरवला.

बराच वेळ वाजत होता.

"हॅलो, हार्टुंग बोलतेय, नगरपालिकेतून. हो, माहीत आहे. माहीत आहे, रविवार आहे. गिळा तो घास आधी. ऐका, पाटी मोठी करायचीय. नऊ. हो, नऊ नावं. समितीचं मी बघते. नाही, उद्या नाही सांगता येणार, आत्ताच लिहून घ्या." त्यांनी खाली बघितलं. "कारण त्या इथून उठत नाहीयेत."

पलीकडून काहीतरी विचारलं.

"बारीक अक्षरात? नाही," हार्टुंगबाई म्हणाल्या. "बाकीच्यांएवढ्याच. घ्या लिहून : लोरेन्झ..."

"फ्रीडोलिन," राइझिगबाई खालून म्हणाल्या.